माकडताप : गोचिडाचा दंश आणि वेळेवर विचारलेला एक प्रश्न

सन २०१६ च्या जानेवारी महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, केर गावाच्या परिसरात, माकडे मरून पडलेली आढळू लागली. त्याच सुमारास तेथील ग्रामस्थ तीव्र ताप, डोकेदुखी आणि असह्य अंगदुखीने आजारी पडू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुन्यांची तपासणी झाली आणि हा आजार ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’, अर्थात लोकांच्या तोंडी रूढ झालेला ‘माकडताप’, असल्याचे निष्पन्न झाले. विषाणूमुळे होणाऱ्या आणि शरीरात रक्तस्राव घडवू शकणाऱ्या तापांच्या गटात हा आजार मोडतो. शेजारच्या कर्नाटकात तो अनेक दशके ठाण मांडून होता. महाराष्ट्रात मात्र त्याचा उद्रेक ही नवी घटना होती.

दोडामार्ग तालुका कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याला लागून आहे. तिलारीचा घाट उतरला की आपण त्या तालुक्यात पोहोचतो. घाटाच्या दोन्ही अंगांना काजूच्या बागा आहेत, जंगलाला लागून वस्त्या आहेत आणि हंगामात मजुरीसाठी इकडून तिकडे जाणारी माणसे आहेत. घाटाखालचे रुग्ण अधिक उपचारांसाठी गोव्यातील बांबोळीस जसे जातात, तसेच बेळगाव व कोल्हापूर येथेही येतात. त्यामुळे कोल्हापुरातील रुग्णालयास हा आजार परका मानता येत नाही. आपल्या देणगीदारांस, विश्वस्तांस आणि विशेषतः रुग्णांच्या नातेवाइकांस या आजाराची नेमकी माहिती व्हावी, अकारण भीती दूर व्हावी आणि योग्य ती सावधगिरी अंगी बाणावी, या हेतूने प्रस्तुत लेख देत आहोत.

क्यासनूरच्या जंगलात

या आजाराचे नाव कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलावरून पडले. सन १९५७ च्या मार्च महिन्यात या भागात माकडे मोठ्या संख्येने मरत असल्याची वार्ता पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रापर्यंत पोहोचली. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होय. केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी डॉ. हॅरोल्ड ट्रॅपिडो यांनी तेथे जाऊन शोध घेतला.

प्रथम सर्वांच्या मनात आलेली शंका अतिशय गंभीर होती. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आढळणारा पीतज्वर माकडांना व माणसांना एकाच वेळी ग्रासतो. तो आशिया खंडात कधीच आलेला नव्हता. परंतु तो पसरविणारे डास मात्र आपल्या देशात विपुल आहेत. पीतज्वराने येथे पाय रोवला असता तर किती मोठा अनर्थ ओढवला असता, याची कल्पना करता येते. तपासणीअंती ही शंका निराधार ठरली. नवा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला आणि त्याचा प्रसार डासांमार्फत न होता गोचिडांमार्फत होतो, हेही उघड झाले.

रशियातील विषाणूचा नातलग मलनाडच्या जंगलात कसा आला, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना पुढे बराच काळ गुंतवून ठेवले. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर तो आला असावा, असा एक तर्क होता. त्याचा छडा लावण्यासाठी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, १९५९ साली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. पक्ष्यांविषयीच्या या तर्काला पुष्टी मिळाली नाही. परंतु भारतातील पक्षी स्थलांतराच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया मात्र त्यातून घातला गेला.

गोचीड, माकड आणि माणूस

‘माकडताप’ या नावामुळे सर्व दोष माकडाच्या माथी येतो. वस्तुतः माकड हा या आजाराचा पहिला बळी आहे. जंगलातील उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान प्राणी आणि त्यांच्या अंगावरील गोचीड यांच्यामध्ये हा विषाणू शांतपणे फिरत राहतो. काळतोंडे वानर किंवा लाल तोंडाचे माकड अशा गोचिडांच्या दंशाने आजारी पडले की त्याच्या रक्तात विषाणूंची प्रचंड वाढ होते आणि अनेकदा ते दगावते. त्याच्या अंगावर पोसलेले असंख्य गोचीड मग त्या जागी गळून पडतात. माकड जेथे मरून पडले तेथील जमीन व पालापाचोळा अशा रीतीने पुढील काही काळ धोकादायक बनतो.

गोचीड उडत नाही व उड्याही मारत नाही. तो गवताच्या पात्यावर वा पालापाचोळ्यात दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या प्राण्यास चिकटतो. अंड्यातून निघालेले पिल्लू, त्यानंतरची मधली अवस्था आणि पूर्ण वाढलेला गोचीड असे त्याच्या आयुष्याचे टप्पे आहेत. माणसाला मुख्यत्वे चावतो तो मधल्या अवस्थेतील गोचीड. तो खसखशीच्या दाण्याप्रमाणे बारीक असतो. त्याचा दंश दुखत नाही, त्यामुळे अनेक रुग्णांस आपल्याला गोचीड चावल्याचे आठवतही नाही. ही मधली अवस्था पावसाळा संपल्यानंतर, साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत विपुल असते. नेमक्या याच काळात आपली माणसे सरपणासाठी, गोठ्यात अंथरण्यासाठी पातेरा गोळा करण्यासाठी आणि काजूच्या बिया वेचण्यासाठी जंगलात व बागांत जातात.

गाईम्हशींना या विषाणूमुळे आजार होत नाही. परंतु मोठे गोचीड त्यांच्या रक्तावर पोसले जातात व त्यांची संख्या वाढते. जंगलात चरून आलेल्या गुरांबरोबर गोचीड वस्तीपर्यंत येऊ शकतात. जनावरांच्या दुधातून हा आजार झाल्याचे आढळलेले नाही. त्याचप्रमाणे माकडताप एका माणसाकडून दुसऱ्या माणसास होत नाही. शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. रुग्णास वाळीत टाकण्याचे, त्याची भांडी वेगळी करण्याचे वा त्याच्या घरी जाणे टाळण्याचे काहीही कारण नाही.

जंगल तुटते तेव्हा

सन १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्तंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगलाचा मोठा पट्टा तोडण्यात आला. त्यानंतर त्या भागात माकडतापाची जी साथ उसळली, तिची गणना या आजाराच्या सर्वांत मोठ्या साथींमध्ये होते. जंगल तोडले म्हणजे रोगही तोडला जातो, हा समज अशा घटनांनी खोटा ठरविला आहे. दाट अरण्याच्या पोटात फिरणारा विषाणू, अरण्याच्या कडा विस्कटल्या की माणसाच्या वाटेवर येतो. जेथे जंगल, बाग, गुरे आणि घर एकमेकांना खेटून असतात, तेथे त्याचा धोका अधिक असतो. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर आज हेच चित्र दिसते.

सीमा ओलांडताना

सुमारे अर्धे शतक हा आजार कर्नाटकातील शिमोगा, उत्तर कन्नड, चिक्कमगळुरू, उडुपी आणि दक्षिण कन्नड या जिल्ह्यांपुरताच ज्ञात होता. सन २०१२ मध्ये तो त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला बंडीपूरच्या परिसरात आढळला. पुढे केरळातील वायनाड व मलप्पुरम जिल्ह्यांत त्याचे रुग्ण सापडले. सन २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाळी गावात उद्रेक झाला आणि तेथे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची विशेष झळ पोहोचली. त्यानंतर वर्षभरातच दोडामार्गची पाळी आली.

सन २०१६ च्या हंगामात दोडामार्ग तालुक्यात शंभराहून अधिक रुग्णांचे निदान प्रयोगशाळेत पक्के झाले. पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरास या आजाराने ग्रासले आणि काही मृत्यूही ओढवले. संपूर्ण देशाचा विचार करता या आजाराचे रुग्ण वर्षाकाठी सुमारे ४०० ते ५०० असल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ३ ते ५ असते. डेंग्यू वा क्षयरोगाच्या तुलनेत ही संख्या लहान वाटेल. परंतु दोन-चार गावांत, एकाच हंगामात आणि बहुधा घरातील कमावत्या माणसावर हा घाला येतो. काजूचा हंगाम हाच ज्या कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीचा आधार, त्या कुटुंबातील कर्ता माणूस ऐन हंगामात महिनाभर अंथरुणावर राहिला तर मृत्यू टळूनही संसाराची घडी विस्कटते. अशा कुटुंबांना आकडेवारीतील ‘लहान’ या शब्दाचा काही दिलासा नसतो.

लक्षणे आणि दोन टप्पे

गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत आजार एकाएकी सुरू होतो. थंडी वाजून तीव्र ताप येतो, कपाळ ठणकते, कंबर, पोटऱ्या व सांधे यांत विलक्षण वेदना होतात, डोळे लाल होतात, उलट्या व जुलाब होऊ शकतात. तीन-चार दिवसांनंतर काही रुग्णांमध्ये नाकातून, हिरड्यांतून, क्वचित आतड्यांतून रक्तस्राव होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांची संख्या घसरते आणि रक्तदाब खालावतो. बहुतेक रुग्ण एक ते दोन आठवड्यांत सुधारू लागतात.

येथे नातेवाइकांची एक समजूत मात्र घातक ठरू शकते. ताप उतरला, आता आजार गेला, असे समजून रुग्ण पुन्हा कामाला लागतो. शंभरातील दहा ते वीस रुग्णांमध्ये, मधला काही काळ बरा गेल्यावर ताप पुन्हा परततो. या दुसऱ्या टप्प्यात तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे, हातपाय थरथरणे, अंधुक दिसणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसू शकतात. म्हणून घरी सोडलेल्या रुग्णावर पुढील तीन आठवडे लक्ष ठेवणे आणि यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात आणणे आवश्यक आहे. पूर्ण शक्ती परत येण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. या काळातील थकवा म्हणजे आळस आहे असे कोणी मानू नये.

निदानाचा कळीचा प्रश्न

वरील लक्षणे वाचून कोणत्याही जाणकारास डेंग्यूची आठवण होईल. लेप्टोस्पायरोसिस, हिवताप, विषमज्वर आणि स्क्रब टायफस यांचे चित्रही प्रारंभी असेच असते. केवळ रुग्णाकडे पाहून यांतील भेद करणे निष्णात डॉक्टरांसही अवघड जाते. त्यातच माकडतापाची तपासणी दैनंदिन तपासण्यांमध्ये समाविष्ट नसते. ती मागवावी लागते आणि ती मागविण्यासाठी आधी मनात शंका यावी लागते.

ती शंका जागी करणारा प्रश्न अगदी साधा आहे : ‘गेल्या दोन आठवड्यांत आपण कोठे गेला होता, कोणते काम केले आणि आसपास कोठे माकड मेलेले पाहिले वा ऐकले का?’ या प्रश्नास यंत्र लागत नाही व खर्चही येत नाही. डिसेंबर ते मे या काळातील ताप, जंगल वा काजूच्या बागेतील वावर आणि परिसरात माकडांचा मृत्यू या तीन गोष्टी एकत्र आल्या की रक्ताचा नमुना शीतपेटीतून, जिल्हा आरोग्य यंत्रणेमार्फत, योग्य प्रयोगशाळेत रवाना करणे अगत्याचे ठरते. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातील विषाणूचा अंश थेट शोधता येतो. त्यानंतर शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये तपासली जातात. त्यामुळे आजाराचा आज कितवा दिवस आहे, हे नातेवाइकांनी अचूक सांगणे निदानाच्या दृष्टीने मोलाचे असते.

अशा नमुन्यातील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून हाताळणे धोक्याचे असते. या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांना त्याची बाधा झाल्याची उदाहरणे आहेत. यासाठी अत्युच्च सुरक्षेची देशातील पहिली प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०१२ साली कार्यान्वित झाली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे.

उपचार व लस यांची आजची स्थिती

माकडतापाच्या विषाणूवर नेमके औषध आजमितीस उपलब्ध नाही. प्रतिबंधक लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के, तर वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले होते. पुढे तिची परिणामकारकता समाधानकारक राहिली नाही आणि २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लसीचे काम हाती घेण्यात आले आहे.

तरीही या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने वाचतात. त्यांना वाचविते ती वेळेवर सुरू झालेली दक्ष शुश्रूषा. शरीरातील पाणी व क्षार यांचा समतोल राखणे, रक्तदाबावर सतत लक्ष ठेवणे, प्लेटलेटची संख्या नियमित तपासणे, रक्तस्राव झाल्यास रक्त वा रक्तघटक देणे आणि मेंदूची लक्षणे दिसताच अतिदक्षता विभागात हलविणे, या उपचारांनी शरीरास विषाणूशी झुंज देण्यासाठी अवधी मिळतो. तापावर पॅरासिटामॉल चालते. परंतु अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दुकानातून परस्पर गोळ्या आणून देणे किंवा स्नायूत इंजेक्शन घेण्याचा आग्रह धरणे, या दोन्ही गोष्टी अशा तापात धोक्याच्या आहेत.

दुसऱ्या एका तापाने दिलेला धडा

माकडताप माणसाकडून माणसास होत नाही, हे वर नमूद केले आहे. परंतु रुग्ण दारात येतो तेव्हा त्याच्या तापाचे नाव कोणासच ठाऊक नसते. या संदर्भात गुजरातमधील एक घटना प्रत्येक रुग्णालयाने स्मरणात ठेवावी अशी आहे. सन २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यातील कोलात गावच्या एका महिलेचा रक्तस्रावी तापाने मृत्यू झाला. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका यांनाही तोच ताप आला आणि दोघेही दगावले. पुण्याच्या संस्थेने तो क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप असल्याचे सिद्ध केले. भारतात या आजाराचे निश्चित निदान झालेला हा पहिला उद्रेक होता. हाही विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. परंतु तो रुग्णाच्या रक्तातून व शरीरातील स्रावांतून दुसऱ्या माणसास बाधू शकतो.

रुग्णसंख्येने अगदी लहान असलेल्या या उद्रेकाने सेवा करणाऱ्यांचेच प्राण घेतले. म्हणून ताप आणि रक्तस्राव ही दोन लक्षणे एकत्र दिसताच, निदान होण्याची वाट न पाहता हातमोजे, मुखपट्टी, अंगरखा व डोळ्यांचे संरक्षण वापरणे, सुया व रक्ताने माखलेले कपडे यांची काटेकोर विल्हेवाट लावणे आणि शक्य तर रुग्णास स्वतंत्र खोलीत ठेवणे, हा नियम सर्वत्र पाळला जातो. नातेवाइकांना काही वेळा ही व्यवस्था दुजाभावाची वाटते, भेटीवरील बंधनांनी मन दुखावते. त्यामागील कारण जाणून घेतल्यास परिचारिकांशी त्यांचे सहकार्य अधिक मनापासून होईल, असा विश्वास वाटतो. निदान माकडतापाचे ठरले की यांतील बरीच बंधने सैल करता येतात.

नातेवाइकांनी व ग्रामस्थांनी काय करावे

मेलेल्या वा आजारी माकडास हात लावू नये, त्यास पुरण्याचा वा जाळण्याचा प्रयत्न स्वतः करू नये. ग्रामपंचायत, वनखाते किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. मेलेले माकड ही निसर्गाने दिलेली पूर्वसूचना आहे. ती वेळेवर पोहोचली तर त्या परिसरात कीटकनाशकाची फवारणी करून आणि लोकांना तेथे जाण्यापासून रोखून पुढील रुग्ण टाळता येतात.

डिसेंबर ते मे या काळात जंगलात वा बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत आणि उघड्या त्वचेस आरोग्य विभागाकडून मिळणारे गोचीड प्रतिबंधक तेल लावावे. पालापाचोळ्यावर बसू वा आडवे होऊ नये. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवून साबणाने स्नान करावे आणि काख, जांघ, कानामागील भाग नीट तपासावा. चिकटलेला गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावा. त्यावर रॉकेल ओतणे, त्यास चटका देणे वा बोटांनी चिरडणे टाळावे. गुरांच्या अंगावरील गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यकांच्या सल्ल्याने करावा.

ताप आल्यास दोन दिवसांहून अधिक काळ घरी काढू नये. आणि डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, रुग्ण जंगलात गेला होता, बागेत कामास होता, गावात माकड मेले होते, ही हकिकत आपण होऊन सांगावी. घाटाखाली मजुरीस जाऊन आलेला माणूस घरी परतल्यावर आजारी पडतो आणि त्याच्या गावच्या डॉक्टरांस त्या प्रवासाची कल्पनाही नसते. अशा वेळी घरच्यांचे एक वाक्य निदानाचे कित्येक दिवस वाचवू शकते.

दात्यांच्या सहभागाविषयी

ज्या आजारावर औषध नाही तेथे देणगीचा काय उपयोग, असा प्रश्न एखाद्या दात्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वर वर्णन केलेल्या उपचारांकडे पुन्हा पाहिल्यास त्याचे उत्तर मिळते. रुग्णाची खाट, रात्रभर जागणारी परिचारिका, दररोजची रक्ततपासणी आणि ऐनवेळी उपलब्ध असलेली रक्ताची पिशवी, हेच या तापावरील औषध होय. प्लेटलेट केवळ पाच दिवस टिकतात आणि त्या २० ते २४ अंश तापमानात सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. नियमितपणे रक्तदान करणारी माणसे हाच त्यांचा खरा साठा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत रक्तदान शिबिरे मंदावतात आणि माकडतापाचा हंगाम त्याच सुमारास असतो, ही बाब रक्तदात्यांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावी.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात. काजू वेचणारा मजूर किंवा जंगलातून मोळी आणणारी माउली यांच्यासाठीच ही तरतूद आहे. त्यांच्या नातेवाइकांनी संकोच न बाळगता रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे चौकशी करावी. खर्चाच्या धास्तीने घरी घालविलेले दिवस या तापात सर्वांत महाग पडतात.

माकडतापाचा विषाणू सह्याद्रीतून हद्दपार होईल अशी चिन्हे आज नाहीत. काही हंगाम तो शांत राहील, एखाद्या हंगामात पुन्हा डोके वर काढील. नवी लस येईपर्यंत गावकऱ्याने दिलेली मेलेल्या माकडाची वर्दी, नातेवाइकांनी सांगितलेली हकिकत, डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, परिचारिकेची शुश्रूषा आणि दात्याचे रक्त व द्रव्य, या पाच गोष्टींवरच अशा रुग्णाचे प्राण अवलंबून राहतील. यांतील प्रत्येक गोष्ट आपणांपैकी कोणाच्या ना कोणाच्या हाती आहे. ती वेळेवर घडावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्व हितचिंतकांस नम्र विनंती.